गिरमिट ते ब्लू कार्ड

गिरमिट हा शब्द आमच्या लहानपणी घरात दोन अर्थांनी चालायचा. एक म्हणजे सुताराचं लाकडाला भोक पाडायचं हत्यार. आणि दुसरा, कुणी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बोलून डोकं उठवायला लागलं की आजी म्हणायची, "काय मेलं गिरमिट लावलंय!" तिसरा अर्थ मला बी.ए.ला इतिहास घेतल्यावर कळला. 'ॲग्रीमेंट' या शब्दाचं आपल्या मजुरांच्या तोंडी गिरमिट झालं, आणि त्या करारावर परदेशी गेलेला माणूस झाला गिरमिटिया.

हे आज आठवायचं कारण म्हणजे आमच्या घरात सध्या अशाच एका कराराची चर्चा चालू आहे. माझ्या धाकट्या दिरांचा नातू चाकणच्या एका कारखान्यात डिझाइन विभागात आहे. कंपनीचं मुख्य ऑफिस जर्मनीत. तिकडे जायचं का, असं त्याला विचारलंय. घरात पेढे वाटून झाले. पगार किती, थंडी किती, तिकडे जेवणाचं काय, हे सगळं विचारून झालं. मुलाला मात्र वेगळाच प्रश्न पडलाय. जायचे मार्ग दोन आहेत. इथली नोकरी तशीच ठेवून कंपनीच्या परवान्यावर तीन वर्षं जायचं, किंवा इथला राजीनामा देऊन तिथल्या कंपनीशी नवा करार करायचा. दोन्हींत काम तेच, टेबलही कदाचित तेच. मला म्हणाला, "आजी, तुम्ही इतिहास शिकवलात. सांगा बघू यातलं चांगलं कुठलं?" थट्टाच होती ती. पण मास्तरणीला प्रश्न विचारला की उत्तर मिळणारच! तर मंडळी, हे ते लांबलचक उत्तर. आपल्या नात्यागोत्यात आणखीही मुलं-मुली अशा कागदांची वाट बघत आहेत, म्हणून सगळ्यांसाठीच लिहिते.

ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी बंद करणारा कायदा १८३३ मध्ये झाला. मॉरिशसच्या ऊसमळेवाल्यांना आता मजूर हवे होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलास' नावाच्या जहाजातून ३६ भारतीय मजूर पोर्ट लुईला पोचले. कलकत्त्याहून निघण्यापूर्वीच त्यांच्याशी पाच वर्षांचा करार झालेला होता. पगार महिना ५ रुपये, शिवाय शिधा आणि कपडे. प्रवासाची सोय मालकाकडे. म्हणजे बघा, पगार ठरलेला, मुदत ठरलेली, तिकीट कंपनीचं. आजच्या ऑफर लेटरमध्ये जे जे असतं त्यातलं बरंचसं तेव्हाही कागदावर होतं.

पुढे १९२० पर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसं या वाटेनं एकट्या मॉरिशसला गेली. जास्त करून बिहार आणि उत्तर प्रदेशाकडची, काही तमिळ, तेलुगू. मुंबई बंदरातूनही जहाजं गेली आणि त्यांत रत्नागिरी, साताऱ्याकडची आपली माणसं होती. त्यांच्या वंशजांनी तिकडे आपलं मराठीपण इतकं जपलं की मॉरिशसमध्ये गणेशचतुर्थीला सरकारी सुट्टी असते. ज्या धक्क्यावर ही माणसं उतरली तो आप्रवासी घाट २००६ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारशाच्या यादीत घेतला.

आता कागदावर सगळं ठरलेलं असताना बिघडलं कुठे? बिघडलं ते मालकाशी पटलं नाही की. एक दिवस कामावर आलं नाही तर दोन दिवसांचा पगार कापायचा, याला तिकडे 'डबल कट' म्हणत. परवानगीवाचून मळ्याबाहेर दिसलं तर भटक्या म्हणून पकडायचं. दुसऱ्या मळ्यात जास्त पैसे मिळतात म्हणून मुदतीआधी जायची सोय नाही. करार मोडला तर दिवाणी दावा नव्हे, थेट तुरुंग. आणि करार पुरा केलेल्यांची तरी सुटका व्हावी की नाही? १८६७ च्या कायद्यानं त्यांनाही फोटो लावलेला पास जवळ बाळगायची सक्ती केली. पास घरी राहिला की पोलीस ठाणं ठरलेलं.

हे सगळं निमूट सहन केलं असंही नाही हं. १८७१ मध्ये आडोल्फ द प्लेवित्झ नावाच्या एका युरोपीय मळेवाल्यानं या जुन्या मजुरांना एक अर्ज लिहून दिला. त्यावर ९,४०१ जणांनी सह्या, अंगठे, खुणा केल्या. त्यातून १८७२ मध्ये चौकशीसाठी रॉयल कमिशन आलं. लिहिता-वाचता न येणाऱ्या नऊ हजारांवर माणसांनी आपल्या परवान्याच्या कागदाविरुद्ध दुसरा कागद केला, ही गोष्ट मी वर्गात नेहमी सांगायची. अभ्यासक्रमात नव्हती, तरी सांगायची.

दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळमध्ये १८६० पासून हेच सुरू झालं. तिथे तर पुढे आणखी एक शक्कल लढवली. १८९५ च्या कायद्यानं असं ठरलं की करार संपला की एक तर पुन्हा करार करा, नाहीतर भारतात परत जा. यातलं काही न करता मोकळं राहायचं असेल तर वर्षाला ३ पौंड कर भरा. मजुराच्या मानानं ही रक्कम इतकी मोठी होती की मोकळं राहणं हाच एक दंड झाला.

इथे आपल्या पुण्याचा संबंध येतो. नामदार गोपाळ कृष्ण गोखले. जन्म १८६६ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकचा. पेशानं शिक्षक, आधी न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आणि मग फर्ग्युसन कॉलेजात. पुढे ते व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात गेले. त्यांनी २५ फेब्रुवारी १९१० रोजी नाताळसाठी मजूरभरती बंद करण्याचा ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. १ जुलै १९११ पासून नाताळची भरती थांबली. मग ४ मार्च १९१२ रोजी त्यांनी पुढचा ठराव आणला की ही गिरमिट पद्धतच सगळीकडे बंद करा. त्या दिवशीच्या भाषणात त्यांनी या कराराचे दोष एकेक करून मांडले. सारांश असा:

माणसाला दूरच्या, अनोळखी देशात नेतात. ज्याला त्यानं पाहिलेलं नाही अशा मालकाच्या हाताखाली देतात. ठरलेल्या मुदतीत त्याला मालक सोडता येत नाही. सांगतील ते काम करावं लागतं. त्याच कामाला मोकळ्या मजुराला जास्त पैसे मिळतात. आणि त्याला लागू होणारा खास कायदा निघण्यापूर्वी कुणी समजावून सांगत नाही, तो असतो त्याला न येणाऱ्या भाषेत, आणि बारीकसारीक चुकीला त्यात तुरुंग असतो.

किती शिस्तशीर! वकिलापेक्षा मास्तराचं टिपण वाटतं. मतदान झालं तेव्हा ठरावाच्या बाजूनं २२ आणि विरुद्ध ३३ मतं पडली. सरकारी सभासदांची संख्याच जास्त होती. गोखले हरले. त्याच वर्षी ते दक्षिण आफ्रिकेला जाऊन आले, १९१४ मध्ये तो ३ पौंडांचा कर रद्द झाला, आणि फेब्रुवारी १९१५ मध्ये ते गेले. १९१६ मध्ये पंडित मदनमोहन मालवीयांनी तोच विषय पुन्हा मांडला तेव्हा सरकारनं मान्य केला. १९१७ मध्ये भरती थांबली, आणि फिजीमध्ये उरलेले करार १ जानेवारी १९२० ला रद्द झाले. स्वतःच्या ठरावाचं फळ बघायला गोखले काही राहिले नाहीत.

गोखल्यांचे हे मुद्दे मी वहीत उतरवून काढले आणि नंतरच्या काळातल्या परवान्यांना एकेक करून लावून बघितले. तुम्हीही बघा. गंमत वाटेल आणि थोडी काळजीही वाटेल.

१९२२ मध्ये आपल्याकडे एमिग्रेशनचा कायदा झाला. अकुशल मजुरांना सरकारनं मान्य केलेल्या देशांतच जाता येईल असं त्यात होतं. त्याच्या दोनच वर्षं आधी, १९२० मध्ये, पासपोर्टचा कायदा आला होता. स्वातंत्र्यानंतरही पासपोर्ट देणं न देणं ही सरकारची मर्जीच समजली जायची. एप्रिल १९६७ मध्ये सतवंतसिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की परदेशी जाणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. मग लगेच जूनमध्ये नवा पासपोर्ट कायदा करावा लागला. आज आपण पासपोर्टला अर्ज करतो तो हक्कानं, त्याला जेमतेम साठ वर्षं होताहेत.

पण पासपोर्ट आपला असला तरी तिकडे काम करायचा परवाना तिकडच्या सरकारचा. त्या काळात इंग्लंडची एक पद्धत होती, ती मुद्दाम सांगते. १ जुलै १९६२ पासून इंग्लंडनं राष्ट्रकुलातल्या लोकांसाठी व्हाउचर सुरू केली. 'ए' व्हाउचर त्याला, ज्याच्यासाठी तिथल्या एखाद्या मालकानं ठरावीक नोकरी देऊ केली आहे. 'बी' व्हाउचर त्याला, ज्याच्याकडे शिक्षक, नर्स, डॉक्टर असं कसब आहे. त्याला आधीपासून नोकरी हातात असायची गरज नव्हती. आणि 'सी' बाकीच्या सगळ्यांना, ते १९६५ पर्यंत बंदच झालं. 'ए' आणि 'बी' यांतला फरक लक्षात आला का? एकाचं मूळ मालकाच्या पत्रात, दुसऱ्याचं माणसाच्या प्रमाणपत्रात. पुढे १९७१ चा कायदा जानेवारी १९७३ पासून लागू झाला आणि ही व्हाउचर गेली. आलं ते वर्क परमिट, ठरावीक मालकाकडच्या ठरावीक नोकरीसाठी. म्हणजे गाडी पुन्हा 'ए'च्या रुळावर.

याच सुमारास, १९७३ नंतर, तेलाचे भाव वाढले आणि आखाती देशांत कामगारांची मागणी निघाली. आमच्या पिंपरी-चिंचवडमध्ये कसबी हातांची वाण नव्हती. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आलं, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, मग टेल्को, बजाज आणि त्यांच्यामागे भोसरीपर्यंत पसरलेली छोटी वर्कशॉप्स. माझ्या वर्गातली निम्मी मुलं फिटर, टर्नर, वेल्डरची. आयटीआय करून त्यातली काही मस्कत, दुबई, सौदीला गेली.

तेव्हा भारत सरकारनं १९८३ चा एमिग्रेशन कायदा केला. आखातासह काही ठरावीक देशांत कामाला जायचं तर सरकारी मंजुरी लागते, ती लागणाऱ्यांच्या पासपोर्टवर 'ईसीआर' असा शेरा असतो. आज असे १८ देश आहेत. दहावी पास झालेल्याला ही मंजुरी लागत नाही. मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स', हे पद गिरमिटियांच्या काळापासून चालत आलेलं आहे! मुंबईत त्याचं कार्यालय आहे.

या एका नियमामुळे शिक्षकाच्या कामाला काय वजन येतं ते मी पाहिलंय. गणितात दोनदा आपटलेला मुलगा तिसऱ्यांदा परीक्षेला बसायचा तो पुढे शिकायला नव्हे, पासपोर्टवरचा तो शेरा टाळायला. दहावीच्या प्रमाणपत्राची दुसरी प्रत कशी मिळते हे विचारायला मोठमोठे बाप्ये शाळेत यायचे. त्यांना मी एकच गोष्ट सांगायची. शेरा नसला की फिरणं सोपं होतं हे खरं, पण तुमचा करार तपासून बघणारं इथलं एक सरकारी टेबलही कमी होतं. ते काम मग तुम्हालाच करायला हवं.

आणि एजंटाबद्दलही सांगते. नोंदणी असलेल्या एजंटाला कामगाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घेता येतं. दोन-दोन लाख मागणारे भेटतात, जमीन गहाण टाकून देणारेही भेटतात. एजंटाची नोंदणी सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर बघता येते. घरात कुणाला तरी मोबाइल कळतोच की. बघावं.

माझा एक विद्यार्थी, वेल्डर, नव्वदच्या दशकात आखातात होता. कुठल्या देशात, कुठल्या कंपनीत ते लिहीत नाही. पगार वेळेवर मिळायचा, खोली बरी होती. पण पासपोर्ट कंपनीच्या कपाटात. तिथल्या कफाला पद्धतीत कामगाराचा राहण्याचा परवाना त्याच्या कफिलच्या, म्हणजे मालकाच्या, नावाशी बांधलेला असे, आणि काही देशांत देश सोडायलाही मालकाचीच चिठ्ठी लागे. आई अत्यवस्थ झाल्याची तार इथून गेली. साहेब रजेवर होते, चिठ्ठी मिळाली ती नवव्या दिवशी. तो आला तेव्हा दहावा झालेला होता. मला भेटायला आला तर म्हणाला, "बाई, पैसे होते, विमान होतं, मी मोकळा होतो. सही नव्हती." गोखल्यांची यादी त्याला कुणी शिकवलेली नव्हती, पण त्यातला तिसरा मुद्दा त्याला पाठ होता.

तेव्हापासून तिकडेही बदल झालेत, ते सांगायलाच हवेत. कतारनं बहुतेक कामगारांसाठी देश सोडायच्या परवानगीची अट २०१८ मध्ये काढली आणि २०२० मध्ये जुन्या मालकाच्या ना-हरकत पत्राशिवाय नोकरी बदलायला मुभा दिली. सौदी अरेबियानंही मार्च २०२१ पासून बऱ्याच कामगारांना तशी सवलत दिली. कायदा बदलला की कपाटाच्या किल्ल्याही लगेच बदलतात असं नाही, पण कायदा बदलला हे खरं.

आता अमेरिका. तुमच्यापैकी कित्येकांची मुलं तिकडे आहेत, तेव्हा एच-वन-बी तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. १९९० च्या कायद्यातून तो आला. वर्षाला ६५,००० ची मर्यादा, आणि पुढे अमेरिकेत उच्च पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २०,०००. अलीकडच्या वर्षांत मंजूर होणाऱ्यांपैकी सुमारे ७० टक्के भारतीय असतात. यात अर्ज मुलगा करत नाही, कंपनी करते. कायद्याच्या भाषेत कंपनी 'अर्जदार' आणि आपला मुलगा 'लाभार्थी'. अर्जात नाव त्याचं, शिक्षण त्याचं, पण अर्ज मागे घ्यायचा अधिकार कंपनीचा.

ऑक्टोबर २००० मध्ये त्यांनी एक चांगली सुधारणा केली. नव्या कंपनीनं अर्ज दाखल केला की मंजुरीची वाट न बघता तिकडे कामाला लागता येतं. पण मधे नोकरीच गेली तर? आमच्या नात्यातल्या एका मुलाची २००९ च्या मंदीत गेली. तेव्हा कायद्यात थांबायला मुदतच ठरलेली नव्हती. मुलीची शाळा अर्ध्यावर, गाडी मिळेल त्या भावाला विकून तीन आठवड्यांत माणसं चिंचवडला परत. नोकरी गेली की घर, शाळा, देश सगळंच एकदम जातं हे त्या वेळी आम्ही सगळ्यांनी जवळून पाहिलं. जानेवारी २०१७ पासून अशा वेळी जास्तीत जास्त ६० दिवस मिळू लागले. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी जाहीरनामा काढून देशाबाहेरून येणाऱ्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलरची रक्कम लावली. ती भरायची कंपनीनं. आता जी कंपनी एका माणसासाठी इतके पैसे मोजेल, ती त्याला सहज सोडेल का, एवढा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

हे सगळं परदेशी लोक आपल्यालाच करतात असं मात्र समजू नका. उलट बाजूही आपल्या दारातच आहे. मर्सिडीजनं १९९५ मध्ये पिंपरीच्या टेल्कोच्या आवारात गाड्या जोडायला सुरुवात केली आणि २००९ मध्ये ते चाकणला स्वतःच्या कारखान्यात गेले. त्याच वर्षी मार्चमध्ये फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. जर्मन, कोरियन, जपानी साहेब सहकुटुंब राहायला आले. आमच्या सोसायटीतही काही वर्षं एक जपानी कुटुंब होतं. ही माणसं आपल्याकडे एम्प्लॉयमेंट व्हिसावर येतात. २०१० मध्ये आपल्या सरकारनं त्यासाठी वर्षाला किमान २५ हजार डॉलर पगाराची अट घातली. सवलत कुणाला, तर परदेशी पदार्थ करणारे आचारी आणि इंग्रजीखेरीज इतर परदेशी भाषांचे शिक्षक अशा थोड्यांना! शिक्षकांची गणना आचाऱ्यांबरोबर झाली याचं मला वाईट वाटलं नाही, दोघंही लोकांना जगवतात. पण मुद्दा असा की या व्हिसावर आलेल्याला भारतात असताना कंपनी बदलता येत नाही. त्याच गटातल्या कंपनीत बदली झाली तर तेवढीच सूट. म्हणजे चाकणमधला जर्मन इंजिनियरही त्याच्या कागदाला तितकाच बांधलेला आहे.

आता येते नातवाच्या जर्मनीकडे. जर्मनीनं १ ऑगस्ट २००० पासून संगणकवाल्यांसाठी २०,००० जणांची 'ग्रीन कार्ड' योजना आणली होती. २०१२ मध्ये ब्लू कार्ड आलं. मार्च २०२० पासून कुशल लोकांसाठी नवा कायदा आहे. त्यात कंपनी ४११ युरो भरून तिकडच्या परदेशी नागरिक कार्यालयातून काम लवकर करून घेऊ शकते. डिसेंबर २०२२ मध्ये भारत आणि जर्मनीत येण्याजाण्यासंबंधीचा करार झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या महाराष्ट्र सरकारनं बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. जून २०२४ पासून तर 'चान्सेनकार्टं' म्हणजे संधी-कार्ड सुरू झालंय. पात्रतेचे गुण मिळवायचे आणि हातात नोकरी नसताना तिकडे जाऊन नोकरी शोधायची. मला ते इंग्लंडच्या जुन्या 'बी' व्हाउचरचं भावंडच वाटलं.

नातवासमोर आहेत ते दोन मार्ग. पहिल्याचं नाव आयसीटी कार्ड. एकाच कंपनीच्या एका देशातल्या शाखेतून दुसऱ्या देशातल्या शाखेत तात्पुरती बदली. नोकरीचा करार चाकणच्या कंपनीशीच राहतो. तज्ज्ञ म्हणून गेला तर जास्तीत जास्त तीन वर्षं. त्या कार्डावर तिथल्या दुसऱ्या कंपनीत जाता येत नाही, आणि मुदत संपली की पुन्हा तसंच कार्ड मिळवायला सहा महिने थांबावं लागतं. सोय अशी की इथली नोकरी शाबूत.

दुसरा मार्ग ब्लू कार्डचा. तिथल्या कंपनीशी नवा करार. पहिल्या १२ महिन्यांत नोकरी बदलायची तर तिथल्या कार्यालयाला कळवावं लागतं आणि ते आक्षेप घेऊ शकतात. त्यानंतर मोकळीक. २७ महिन्यांनी, आणि जर्मन भाषा बी-वन पातळीपर्यंत येत असेल तर २१ महिन्यांनीच, कायमच्या वास्तव्याचा अर्ज करता येतो. म्हणजे भाषा शिकलं तर सहा महिने वाचतात. भाषेच्या अभ्यासाला असं रोख बक्षीस देणारा कायदा मी तरी दुसरा पाहिलेला नाही! पण इथला राजीनामा द्यावा लागेल, इथली आठ वर्षांची नोकरी संपेल, आणि तिकडे प्रोबेशनमध्ये काही झालं तर परत यायला चाकणची खुर्ची नसेल. आईवडील सत्तरीकडे आलेले. हाही हिशोबच आहे, आणि तो खरा आहे.

मी त्याच्या दोन्ही कागदांना गोखल्यांची यादी लावली. देश अनोळखी नाही, तो दोनदा जाऊन आलाय. मालक माहितीचा आहे. पगार तिथल्यांच्या बरोबरीचा हवा, हे तिकडचं रोजगार खातं बघतं. तुरुंगाचा तर प्रश्नच नाही. शंभर-सव्वाशे वर्षांत एवढे मुद्दे निकालात निघाले, हे कमी नाही. दोनच शिल्लक राहिले. मालक सोडता येतो का, आणि करार कुठल्या भाषेत आहे. करार जर्मनमध्ये आहे आणि सोबत इंग्रजी भाषांतर. वाद झाला तर कुठली प्रत खरी धरायची, हे त्यात खाली बारीक अक्षरात लिहिलंय, जर्मन प्रत. मग ती जर्मन येणाऱ्या, कंपनीच्या नोकरीत नसलेल्या माणसाकडून वाचून घे, असं मी त्याला सांगितलं. त्यानं रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकलेली एक मैत्रीण शोधलीय.

कुठला मार्ग घ्यायचा ते मी त्याला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. त्याला विचारायला मी फक्त प्रश्न लिहून दिले. परवाना कुणाच्या अर्जावर निघणार? नोकरी गेली तर त्या देशात किती दिवस राहता येईल? बायकोला तिथे काम करता येईल का? परतीचं तिकीट कोण देणार, आणि मधेच सोडलं तर कंपनी खर्च वसूल करणार का, किती? आणि पासपोर्ट कुणाकडे राहणार? शेवटचा प्रश्न वाचून तो हसला. "आजी, जर्मनीत कोण पासपोर्ट काढून घेणार?" मी म्हटलं, नसेल घेत. पण विचारायला पैसे पडत नाहीत.

तुमच्या घरात कुणी असा कागद सही करायला घेऊन बसलं असेल तर पगाराचा आकडा आधी बघा, त्यात काही चूक नाही, पोटासाठीच सगळं चाललेलं असतं. पण मग पान उलटा आणि सोडून जाण्याबद्दल काय लिहिलंय ते शोधा. लिहिलेलं नसेल तर विचारा, आणि उत्तर लेखी घ्या. नातवाला कंपनीला पंधरा तारखेपर्यंत कळवायचंय. चौथ्या प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही.